पान्हा, कळा आणि इंजेक्शन

भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियमात एक कलम असे आहे, की शरीरक्रियाशास्त्र ठाऊक असल्याखेरीज त्याचा अर्थ नीट उलगडत नाही. ते बारावे कलम ‘फुका’ आणि ‘डूम देव’ या नावांच्या क्रियांना गुन्हा ठरवते. पान्हा चोरून उभ्या असलेल्या गाईच्या किंवा म्हशीच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकायची, किंवा एखादी वस्तू सारायची, आणि तिला दूध सोडायला भाग पाडायचे, अशी ही क्रिया. तिला दोन वर्षांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. १९८२ च्या दुरुस्तीने त्याच कलमात दूध वाढवण्यासाठी टोचल्या जाणाऱ्या, जनावराच्या आरोग्याला अपायकारक अशा इंजेक्शनचाही समावेश केला. नळीची जागा सुईने घेतली होती, आणि कायदा तिच्या मागोमाग चालत आला होता.

ही क्रिया केवळ भारतीय नव्हे. हिरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी सिथियन लोकांबद्दल लिहिले आहे, की एक जण घोडीच्या योनीत हाडाच्या नळीने हवा फुंकतो आणि दुसरा तिचे दूध काढतो. भारतात या क्रियेची वार्ता कानी पडल्यामुळे गांधीजींना दुधाची शिसारी आली. १९१८ च्या मोठ्या आजारपणानंतर डॉक्टर दलाल यांनी दूध घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा नकाराचे कारण हेच निघाले. आणि मग शेळीच्या दुधाला तरी हरकत नसावी, ही वाट कस्तुरबांनी दाखवली. आत्मकथेतील हा प्रसंग पुष्कळांना आठवतो. त्याच्या मुळाशी असलेला चेतामार्ग मात्र क्वचितच कोणाला आठवतो.

फुका क्रूर होता, पण निराधार नव्हता. सस्तन मादीच्या शरीरात खरोखरच एक चेतामार्ग योनी आणि गर्भाशयमुखापासून निघून मेरुरज्जूतून मेंदूपर्यंत जातो. हा भाग ताणला गेला, की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला वर्दी पोहोचते, पीयूषिका ग्रंथीच्या पश्चखंडातून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते, आणि ते कासेपर्यंत पोहोचून दुधाच्या सूक्ष्म कोशांभोवतीच्या आकुंचनशील पेशींना आवळते. पान्हा फुटतो. फुका करणारा गवळी गाईच्या शरीराला जणू खोटे सांगत होता, की वासरू जन्माला येत आहे. शरीर ते खरे मानत होते, कारण जन्मताना वासरू हाच मार्ग ताणते.

१९४१ साली फर्ग्युसन यांनी सशांच्या माद्यांवर प्रयोग करून दाखवले, की गर्भाशयमुख आणि योनिमार्ग ताणला असता गर्भाशयाचे आकुंचन वाढते आणि त्यामागे पीयूषिका ग्रंथीचा हात असतो. आज या प्रतिक्षेपाला त्यांचेच नाव आहे. त्याच वर्षी अमेरिकेत एली आणि पीटरसन यांनी गाईच्या कासेच्या अर्ध्या भागाच्या चेता तोडल्या, तरी पान्हा दोन्ही अर्ध्यांत फुटला. याचा अर्थ वर जाणारा निरोप चेतेचा असतो, पण खाली येणारा हुकूम रक्तातून येतो. त्याच संशोधकांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवून आणि कागदी पिशव्या फोडून तिला घाबरवले, तेव्हा पान्हा अडला. भ्यालेल्या गाईच्या रक्तात उतरलेले ॲड्रेनलिन ऑक्सिटोसिनच्या आड येत होते. गोठ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट प्रयोगशाळेत सिद्ध झाली: धार काढताना जनावराला दटावू नये.

येथवरचे विज्ञान जुने आणि निर्विवाद आहे. तरीही त्यानंतरच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत भारताने त्याचा जो उपयोग केला, तो एकांगी ठरला. चेतामार्गाच्या शेवटी येणारे रसायन तेवढे उचलले गेले. मार्ग दुर्लक्षित राहिला. गोठ्यातही हेच झाले आणि प्रसूतिगृहातही. पहिल्या ठिकाणी त्याची किंमत म्हैस मोजते, दुसऱ्या ठिकाणी स्त्री आणि तिचे बाळ. दोन्हींचा विचार एकत्र करणे काहींना औचित्यभंग वाटेल. पण गर्भाशयाच्या स्नायूंना आणि चेतांना ही मर्यादा ठाऊक नसते, आणि वापरले जाणारे औषधही एकच आहे.

प्रथम त्या अवयवाकडे पाहावे. सस्तन माद्यांच्या गर्भाशयांची ठेवण निरनिराळी असते. सशाच्या मादीत दोन स्वतंत्र गर्भाशये आणि दोन गर्भाशयमुखे असतात; गाईम्हशींत एका लहान देहाला दोन लांब शिंगे जोडलेली असतात आणि गर्भ त्यांपैकी एका शिंगात वाढतो; स्त्रीमध्ये शिंगे उरत नाहीत, एकच पेरूच्या आकाराची पोकळी राहते. भिंतीची मूळ योजना मात्र समान आहे. बाहेर लांबीच्या दिशेने धावणारे तंतू, आत वर्तुळाकार तंतू आणि मधल्या थरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे. स्त्रीच्या गर्भाशयात या मधल्या थरातील तंतू एकमेकांत गुंतून रक्तवाहिन्यांभोवती विळखे घालतात. वार पडल्यावर हेच तंतू आवळले जातात आणि उघड्या पडलेल्या वाहिन्यांची तोंडे मिटतात. मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जेथून वाहत होते, ती जागा टाका न घालता बंद करणारी ही व्यवस्था आहे. ती ढिली पडली, की काही मिनिटांत बाळंतिणीचा जीव धोक्यात येतो.

गर्भाशयमुखाची गोष्ट निराळी. त्यात स्नायू थोडा आणि तंतुमय ऊती अधिक. नऊ महिने ते कुलपासारखे घट्ट राहते, आणि प्रसूतीच्या वेळी त्याच ऊती मऊ होऊन ते उघडते. गाईत त्याला आडव्या वळ्या असतात; कृत्रिम रेतन करणाऱ्याच्या हाताला त्या एकामागून एक लागतात. त्याच्या खाली श्रोणितळाचे स्नायू येतात. ते हातापायांच्या स्नायूंसारखे ऐच्छिक असतात. म्हणजे एका मार्गावर तीन निरनिराळ्या प्रकृतीच्या ऊती आहेत: आपल्या लयीत आवळणारा गर्भाशयाचा अनैच्छिक स्नायू, वाट अडवणारे आणि वेळ आल्यावर मऊ होणारे गर्भाशयमुख, आणि मनाच्या आज्ञेत असणारा श्रोणितळ. प्रसूती सुरळीत होते, तेव्हा या तिघांचे वेळापत्रक जुळलेले असते.

या तिन्हींकडे येणाऱ्या चेताही तीन घराण्यांतील आहेत. मेरुरज्जूच्या छाती-कमरेच्या भागातून अनुकंपी चेता उतरतात. त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या खंडातून परानुकंपी चेता येतात. या दोन्ही गर्भाशयमुखाच्या दोन बाजूंना एका चेताजालात भेटतात. जर्मन वैद्य फ्रँकेनहॉयझर यांच्या नावाने ते जाल ओळखले जाते. तिसरी चेता श्रोणितळाकडे आणि बाह्य जननेंद्रियाकडे जाते. प्रसूतीच्या दुसऱ्या टप्प्यातील, बाळ खाली उतरतानाची वेदना प्रामुख्याने तीच वाहून नेते. पहिल्या टप्प्यातील कळांची वेदना मात्र अनुकंपी मार्गाच्या सोबतीने पाठीच्या दहाव्या ते कमरेच्या पहिल्या चेताखंडापर्यंत जाते. कळा कंबरेत आणि पोटाच्या खालच्या भागात जाणवतात, त्याचे कारण हे.

आता या अवयवाच्या चेतांचे सर्वांत चमत्कारिक वर्तन. गर्भारपण पुढे सरकते तशा गर्भाशयाच्या भिंतीतील अनुकंपी चेता झडू लागतात. गिनीपिग, उंदीर आणि स्त्री यांच्यात हे सविस्तर अभ्यासले गेले आहे. अखेरच्या दिवसांत गर्भाशयाच्या देहातील बहुतेक अनुकंपी तंतू नाहीसे झालेले असतात, आणि प्रसूतीनंतर ते पुन्हा उगवतात. निरोगी प्रौढ शरीरात चेता ठरल्या वेळी मिटण्याचे आणि पुन्हा फुटण्याचे असे दुसरे उदाहरण सहज सापडत नाही. मादी उंदराच्या ऋतुचक्रातही हेच लहान प्रमाणावर घडते. इस्ट्रोजेन चढते तसे तंतू विरळ होतात आणि ते उतरले की परततात.

याच वेळी स्नायूपेशी आपापसांत जोडल्या जातात. त्यांच्या पटलांत कॉनेक्सिन-४३ नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म खिडक्या उघडतात, विद्युतसंदेश एका पेशीतून दुसरीत थेट जाऊ लागतो आणि सुमारे एक किलो वजनाचा तो स्नायू एकदिलाने आवळू लागतो. ऑक्सिटोसिन ओळखणारी ग्राहींची संख्याही अनेक पटींनी वाढते. थोडक्यात, प्रसूतीच्या वेळी गर्भाशय चेतांच्या हुकमाची वाट पाहत नाही. मेरुरज्जूला इजा झाल्याने कमरेखालची संवेदना गमावलेल्या स्त्रियांनाही कळा सुरू होतात. कित्येकदा त्या त्यांना नेहमीसारख्या जाणवत नाहीत, एवढेच.

पुण्यातील गॅलॅक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मे २०१७ मध्ये केलेले गर्भाशय प्रत्यारोपण याच सत्याचा मोठा पुरावा ठरले. आईचे गर्भाशय मुलीला देण्यात आले. अशा शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या जोडल्या जातात. चेता जोडल्या जात नाहीत. तरीही ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या गर्भाशयातून शस्त्रक्रियेद्वारे एक मुलगी जन्माला आली. जगातील अशी पहिली प्रसूती स्वीडनमध्ये मॅट्स ब्रेनस्ट्रोम यांच्या पथकाने २०१४ साली घडवली होती. चेता तोडलेले गर्भाशय रुजते, मासिक पाळी चालवते आणि गर्भ वाढवते, हे अशा प्रसूतींनी दाखवून दिले.

मग चेता निरुपयोगी म्हणायच्या का? येथेच विचाराची गल्लत होते, आणि वैद्यकाचे विद्यार्थीही या वळणावर बहुधा थांबतात. गर्भाशय चेतांविना आवळते, हे खरे. पण म्हणून मादीच्या चेतासंस्थेचा प्रसूतीशी संबंध नाही, हे खरे नव्हे. भिंतीतले तंतू झडले तरी गर्भाशयमुख आणि योनिमार्ग यांच्याकडून वर जाणारी वार्ता चालू राहते. तिच्यामुळे ऑक्सिटोसिन लहान लहान स्पंदांत सुटते. प्रत्येक कळ बाळाला थोडे खाली ढकलते, ताण वाढतो, पुढचे स्पंद येते. दुसरीकडे, भयाने अधिवृक्क ग्रंथीतून सुटलेले ॲड्रेनलिन रक्तातून गर्भाशयापर्यंत पोहोचतेच; त्याला तंतूंची गरज नसते. तेथील बीटा-२ ग्राहींवर बसून ते स्नायू सैल करते. मुदतपूर्व कळा थांबवण्यासाठी भारतात अनेक वर्षे वापरलेले आयसॉक्सुप्रिन याच ग्राहींमार्फत काम करते. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये मांजरींवर पाहिले होते, की ॲड्रेनलिनने गाभण नसलेले गर्भाशय सैल पडते आणि गाभण असलेले आवळते. म्हणजे एकच निरोप अवस्थेप्रमाणे निराळा अर्थ घेतो. अशा नाजूक यंत्रणेला ‘चेतांविना चालते’ एवढ्या एका वाक्यात बंद करणे हे अर्धे शरीरक्रियाशास्त्र झाले.

उरलेले अर्धे जनावरांच्या वर्तनात उघड दिसते. बहुसंख्य घोड्या रात्री, निवांत वेळी वितात. १९६० च्या दशकात नाइल्स न्यूटन यांनी विणाऱ्या उंदरीणींना जागेवरून हलवून त्रास दिला, तेव्हा त्यांच्या प्रसूती लांबल्या. रानातील हरिणीला मध्येच वाघाची चाहूल लागली, तर तिला थांबता आले पाहिजे. हा उत्क्रांतीने घातलेला लगाम आहे. प्रसूतीचा आरंभ गर्भाशयाच्या हाती असला, तरी ती चालू ठेवण्यासाठी सुरक्षिततेची खात्री लागते, आणि ती खात्री चेतासंस्था देते.

हे लक्षात घेतल्यावर २०१८ मधील घटनांकडे पाहावे. दुभत्या जनावरांत ऑक्सिटोसिनचा गैरवापर होतो, ही चिंता हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये व्यक्त केली होती. त्या पार्श्वभूमीवर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २७ एप्रिल २०१८ रोजी अधिसूचना काढली: देशांतर्गत वापरासाठी खासगी कंपन्यांनी ऑक्सिटोसिन बनवू नये, बंगळुरूच्या एकाच सरकारी कंपनीने ते बनवावे. ज्या औषधावर प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्याची पहिली भिस्त आहे, त्याचा संपूर्ण देशाचा पुरवठा एका कारखान्यावर सोपवण्याचा हा बेत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ती अधिसूचना मनमानी आणि शास्त्रीय आधाराविना असल्याचे सांगून रद्द केली.

न्यायालयाचा निर्णय योग्य होता. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत मातेला दिले जाणारे १० युनिट ऑक्सिटोसिन हे आधुनिक प्रसूतिशास्त्राचे सर्वांत स्वस्त जीवदान आहे. देशाचे मातामृत्यूचे प्रमाण २०१८–२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ पर्यंत खाली आले, यात अशा साध्या उपायांचा वाटा आहे. म्हशीच्या रक्षणासाठी बाळंतिणीचे औषध दुर्मीळ करणे कोणत्याच तराजूत बसत नाही.

पण औषध सुटले, आणि प्रश्न तेथेच राहिला. बंदीचे समर्थक आणि विरोधक दोघेही रसायनावर भांडले. म्हैस पान्हा का चोरते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. उत्तर बहुतेक वेळा गोठ्यातच असते. शहरालगतच्या तबेल्यांत पारडू लवकर मरते किंवा त्याला मरू दिले जाते, कारण त्याच्या वाट्याचे दूध विकता येते. पारडू गेले, की त्याचा वास, त्याचे ढुशा देणे, सडांना होणारा स्पर्श हे सारे जाते. चेतामार्गाला जागवणारे काहीच उरत नाही. मग सुई येते. दर धारेला टोचलेली सुई जनावराला तिची सवय लावते आणि तिच्यावाचून पान्हा फुटेनासा होतो. पारडू जगवणे, धारेपूर्वी कास कोमट पाण्याने धुणे, सड चोळणे, ठरल्या वेळी ठरलेल्या माणसाने धार काढणे, आरडाओरड टाळणे, यांना औषध परवाना लागत नाही. यांतली प्रत्येक गोष्ट म्हणजे त्या प्रतिक्षेपाशी रीतसर बोलणे आहे. दुग्धविकासाच्या प्रचारात खुराक आणि रेतन यांना जेवढी जागा मिळते, तेवढी याला मिळत नाही.

प्रसूतिगृहातील चित्र याहून गंभीर आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती आता दवाखान्यांत होतात. ही मोठी कमाई आहे. त्याच सर्वेक्षणात शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती २१.५ टक्के, आणि खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आढळल्या. कळा मंद वाटल्या की सलाईनमधून ऑक्सिटोसिन सुरू करणे हा अनेक ठिकाणी नित्याचा भाग झाला आहे. उत्तर भारतात झालेल्या अनेक अभ्यासांनी तर घरच्या प्रसूतींतही कळा वाढवण्यासाठी स्नायूत सुई टोचली जाते, हे नोंदवले आहे. यातली दुसरी पद्धत सरळसरळ घातक आहे. कारण शिरेतील थेंब थांबवता येतो, स्नायूत टोचलेली मात्रा परत घेता येत नाही. दोन कळांच्या मधल्या विश्रांतीत वारेतील रक्तप्रवाह पूर्ववत होतो आणि बाळाला प्राणवायू मिळतो. ती विश्रांती हिरावली, तर बाळ गुदमरते. कधी गर्भाशय फाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतिकाळातील काळजीविषयी केलेल्या शिफारशी स्पष्ट आहेत. गर्भाशयमुख पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत प्रसूती मंद असू शकते, आणि माता व बाळ सुस्थितीत असतील तर केवळ वेग वाढवण्यासाठी त्यापूर्वी औषध देऊ नये. पोटावर दाब देऊन बाळ ढकलू नये. सरसकट छेद घेऊ नये. मातेच्या पसंतीची एक सोबतीण तिच्याजवळ असावी. यातली शेवटची शिफारस भावनेपोटी आलेली नाही. सलग सोबत मिळालेल्या स्त्रियांवरील २६ चाचण्यांचा, पंधरा हजारांहून अधिक मातांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात नैसर्गिक प्रसूती अधिक, शस्त्रक्रिया कमी आणि प्रसूतीचा काळ थोडा आखूड आढळला. एली आणि पीटरसन यांच्या कागदी पिशव्यांचीच ही उलटी बाजू आहे. तेथे भयाने पान्हा अडला. येथे धीराने वाट मोकळी झाली.

भारत सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्येच सार्वजनिक रुग्णालयांत सोबतिणीला मुभा दिली. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ उपक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेचा समावेश झाला. कागद पुरेसे आहेत. अडचण अशी, की प्रसूतिकक्षात जेथे दोन खाटांमध्ये पडदा नाही, तेथे सोबतीण उभी राहणार कोठे? एका परिचारिकेकडे एका वेळी अनेक माता असताना, कळा घाईने उरकण्याचा मोह कोणाला होणार नाही? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. लांबलेली, अडलेली प्रसूतीही जीव घेते. योग्य कारणासाठी, मोजून, देखरेखीखाली दिलेले ऑक्सिटोसिन अनेक शस्त्रक्रिया टाळते. येथे विरोध औषधाला नाही. ओरडा, एकटेपणा आणि अपमान यांनी आधी कळा मंदावायच्या आणि मग त्या मंद आहेत म्हणून सुई लावायची, या चक्राला आहे. बाहेरून दिलेले ऑक्सिटोसिन गर्भाशयावर काम करते, पण रक्तातून मेंदूत फारसे पोहोचत नाही. शरीराने स्वतः सोडलेले ऑक्सिटोसिन मेंदूतही काम करते. त्यामुळे सलाईनची बाटली त्या संपूर्ण चेतामार्गाची बदली कधीच ठरू शकत नाही.

हे अज्ञान केवळ दवाखान्यांचे नाही, ज्ञानाच्या उगमातच आहे. शिश्निकेत ‘आठ हजार चेतातंतू’ असतात, हा आकडा अनेक दशके पुस्तकांतून आणि लेखांतून फिरत राहिला. तो मुळात गाईंवरील अभ्यासातून आला होता. मानवी ऊतीत प्रत्यक्ष मोजणी करून अमेरिकेतील ओरेगॉन येथील संशोधकांनी २०२२ मध्ये दहा हजारांहून अधिक, सरासरी १०,२८१, असा आकडा जाहीर केला. त्याच अवयवाची समग्र रचना हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन शल्यविशारदांनी १९९८ मध्ये विच्छेदनाने पुन्हा मांडली, तेव्हा प्रचलित शरीररचना ग्रंथांतील वर्णने अपुरी असल्याचे उघड झाले. चंद्रावर माणूस उतरल्यानंतर तीन दशकांनी हे घडले. स्त्रीच्या श्रोणीविषयी वैद्यकाने किती गोष्टी गाईकडून, सशाकडून किंवा पुरुषाकडून उसन्या घेतल्या आणि त्या तपासल्याच नाहीत, याचा हा एक दाखला.

उसने घेणे वाईट नव्हे. न तपासणे वाईट. प्राण्यांवरील संशोधन नीट तपासले, की काय मिळते याचेही उदाहरण आहे. बॅरी कोमिसरुक आणि बेव्हर्ली व्हिपल यांनी प्रथम उंदरीणींत पाहिले, की मेरुरज्जू तुटला तरी गर्भाशयमुखाची काही संवेदना मेंदूपर्यंत पोहोचते. मग मेरुरज्जू पूर्ण तुटलेल्या स्त्रियांमध्ये तीच गोष्ट आढळली. ती वाट व्हेगस चेतेची होती. ती मेरुरज्जूला वळसा घालून थेट मेंदूत जाते. ज्या स्त्रियांना ‘तुम्हाला तेथे काही जाणवूच शकत नाही’ असे सांगितले जात होते, त्यांचे म्हणणे खरे ठरले.

भारताजवळ या विषयाला पुढे नेण्यासाठी लागणारे सारे आहे. जगातील सर्वांत मोठी म्हशींची संख्या येथे आहे, पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, दरवर्षी दोन कोटींहून अधिक जन्म होतात, गर्भाशय प्रत्यारोपणाचा अनुभव आहे. नाही ती या सर्वांना जोडणारी दृष्टी. पशुवैद्यकाचा विद्यार्थी पान्ह्याचा प्रतिक्षेप शिकतो, वैद्यकाचा विद्यार्थी फर्ग्युसनचा शिकतो. हा एकच मार्ग आहे, हे दोघांना एका वर्गात बसवून क्वचितच सांगितले जाते. उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनची चाचणी दहा देशांतील सुमारे तीस हजार मातांवर झाली, त्यात भारतही होता; तिचे निष्कर्ष जून २०१८ मध्ये, नेमके बंदीचा वाद पेटलेला असताना प्रसिद्ध झाले. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते आणि वीज नसलेल्या उपकेंद्रात ते निष्प्रभ होऊ शकते, हा खरा राष्ट्रीय प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

करायच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. प्रसूतीपूर्वी कळा वाढवण्यासाठी दिलेल्या प्रत्येक मात्रेचे कारण, वेळ आणि देणाऱ्याचे नाव नोंदले जावे, आणि त्याच पानावर मातेजवळ सोबतीण होती की नाही, याचाही एक रकाना असावा. दोन खाटांमध्ये पडदा असावा. सुईच्या दुकानविक्रीवर चिठ्ठीचा नियम खरोखर पाळला जावा. दूध संघांनी पारडू जगवणाऱ्या उत्पादकाला दराने प्रोत्साहन द्यावे. यापैकी एकालाही नवा कायदा लागत नाही. १९६० च्या कायद्याने नळी हिरावली, १९८२ च्या दुरुस्तीने सुईवर बोट ठेवले, २०१८ च्या अधिसूचनेने कारखाना बंद करू पाहिला. पुढच्या खेपेला कोणी धोरण आखायला बसेल, तेव्हा त्याने आधी एक दिवस तबेल्यात धारेच्या वेळी आणि एक रात्र प्रसूतिकक्षात घालवावी. तेथे कोण ओरडत आहे आणि कोणाजवळ कोणीच नाही, एवढे जरी त्याने टिपून आणले, तरी पुरे.